साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेला मासा जाळ्यात आला : सीलाकँथची खरी गोष्ट



बंदीचे दिवस आहेत. ट्रॉलर जेटीला बांधलेत, होड्या वर घेतल्यात, जाळी शिवायला काढलीत. हंगामात कोणाला दोन ओळी वाचायची फुरसत नसते, म्हणून १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या पानावर थोडं अभ्यासाचं टाकायचं असं ठरलंय. आजचा धडा एका माशाचा आहे. जरा मोठा आहे, पण निवांत वाचा. घरात मुलं असतील तर त्यांनाही वाचून दाखवा, त्यांना आवडेल.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. गेल्या हंगामात आपल्याच एका सभासदाच्या ट्रॉलरवर एक विचित्र मासा आला. खलाशांनी ओळखला नाही, तांडेलानेही ओळखला नाही. एकाने मोबाईलवर फोटो काढला, पण रात्रीचा आणि हललेला. सकाळी फोटो ग्रुपवर आला तेव्हा मी लगेच फोन केला, "मासा कुठंय?" उत्तर आलं, "सेक्रेटरी, तो खताच्या ढिगातून कधीच गेला." झालं. तो कोणता मासा होता, हे आता कोणालाच कधी कळणार नाही. कदाचित साधाच असेल. पण मला त्या दिवसापासून ही जुनी गोष्ट सारखी आठवत राहिली.

ढिगातला निळा पर

साल १९३८. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ईस्ट लंडन नावाचं बंदर आहे. नावात लंडन असलं तरी इंग्लंडशी संबंध नाही, हे आफ्रिकेतलं. तिथे एक लहानसं म्युझियम होतं आणि ते सांभाळायला मार्जरी कोर्टने-लॅटिमर नावाची ३१ वर्षांची बाई होती. पैसा कमी, माणसं कमी. पण तिने एक चांगलं काम केलं होतं. बंदरातल्या ट्रॉलरवाल्यांशी ओळख ठेवली होती. जाळ्यात काही वेगळं आलं तर फेकू नका, मला कळवा, मी येऊन बघते, असं तिने सांगून ठेवलेलं.

'नेरीन' नावाच्या ट्रॉलरचा कॅप्टन हेंड्रिक गूसेन हा तिचं ऐकणाऱ्यांपैकी होता. डिसेंबरमध्ये चालुम्ना नदीच्या मुखाबाहेर सुमारे ४० वाव पाण्यात त्याने जाळं ओढलं. नेहमीच्या मालाबरोबर मोऱ्या, वागळ्या आणि इतर बरंच काही आलं. विकायला निरुपयोगी असलेला तो ढीग त्याने समुद्रात ढकलला नाही, तसाच ठेवला आणि बंदरात आल्यावर निरोप धाडला.

तारीख होती २२ डिसेंबर. नाताळ तोंडावर आलेला, उन्हाळा कडक. तिकडे डिसेंबरात उन्हाळा असतो. बाईला म्युझियममध्ये भरपूर काम होतं. जाऊ की नको असं तिला वाटत होतं, पण निदान खलाशांना नाताळच्या शुभेच्छा देऊन येऊ, म्हणून ती टॅक्सीने जेटीवर गेली. ढीग बघितला, विशेष काही नव्हतं. निघणार इतक्यात ढिगाच्या खालून एक निळा पर बाहेर आलेला तिला दिसला. वरचे मासे बाजूला केले, चिकट गाळ पुसला.

खाली होता सुमारे पाच फूट लांब मासा. रंग निळा, त्यावर पांढरट ठिपके. खवले जाड आणि चिलखतासारखे कडक. शेपटी विचित्र, तिच्या मध्ये आणखी एक छोटी शेपटी. आणि सगळ्यात नवल म्हणजे पर. आपल्या माशांचे पर अंगाला थेट चिकटलेले असतात. याचे पर मांसल देठावर बसलेले, जणू आखूड हात-पाय. वजन भरलं साडेसत्तावन्न किलो.

एक बाई, एक मासा आणि टॅक्सी

पुढचा भाग आपल्या लोकांना बरोबर समजेल, कारण मासळीचा वास आणि टॅक्सीवाला हा प्रसंग आपल्या घरच्या बायकांना नवा नाही. टॅक्सीवाला म्हणाला, हा घाणेरडा मासा माझ्या गाडीत घालणार नाही. बाई म्हणाली, मी मासा न्यायलाच टॅक्सी केली आहे. शेवटी मासा डिकीत गेला.

म्युझियममध्ये एवढा मासा ठेवायला जागा नव्हती, बर्फ नव्हता. तिने गावातल्या शवागाराला विचारलं, नकार. शीतगृहाला विचारलं, तिथेही नकार. फॉर्मालिन थोडंसंच मिळालं. त्यात कापड आणि वर्तमानपत्रं भिजवून तिने मासा गुंडाळला. म्युझियमच्या प्रमुखांनी बघून सांगितलं, हा काही खास नाही, खडकातला साधा मासा आहे. पण तिचं मन मानेना.

तिच्या ओळखीचे एक अभ्यासक होते, जे. एल. बी. स्मिथ. पेशाने रसायनशास्त्राचे शिक्षक, पण माशांचं वेड. २३ डिसेंबरला तिने त्यांना पत्र लिहिलं आणि सोबत पेनाने माशाचं चित्र काढून पाठवलं. स्मिथ सुटीवर दूरच्या गावी होते. पत्र त्यांच्या हाती पडलं ३ जानेवारी १९३९ ला. चित्र बघून ते चक्रावले. त्यांनी तातडीने तार केली की सांगाडा आणि कल्ले जपून ठेवा.

पण तोवर उशीर झाला होता. भर उन्हाळ्यात मासा सडायला लागला म्हणून आतली आतडी, कल्ले वगैरे काढून टाकली होती आणि कातडं भरून ठेवलं होतं. काढलेले फोटोही फिल्म खराब झाल्यामुळे वाया गेले. स्मिथ १६ फेब्रुवारीला येऊन पोचले आणि त्या भरलेल्या कातड्यासमोर उभे राहिले. ओळख पक्की झाली. हा सीलाकँथ होता.

एवढं काय त्या माशात?

इथे थोडं मागे जाऊ.

जमिनीच्या जुन्या थरांत मेलेल्या प्राण्यांचे ठसे दगड होऊन राहतात. त्यांना जीवाश्म म्हणतात. असे सीलाकँथचे दगडी ठसे जगात बऱ्याच ठिकाणी सापडले होते आणि अभ्यासकांना ते १०० वर्षं माहीत होते. सगळ्यात जुने ठसे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे. आणि सगळ्यात अलीकडचे ठसे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉर पृथ्वीवरून गेले त्या सुमाराचे. त्यानंतरच्या थरांत एकही ठसा नाही. त्यामुळे पुस्तकांत लिहून टाकलं होतं की सीलाकँथ तेव्हाच संपला.

आता विचार करा, पुस्तकात साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेला मासा एका ट्रॉलरच्या डेकवर ढिगात पडलेला सापडतो! जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झाली. स्मिथ यांनी माशाला नाव दिलं 'लॅटिमेरिया चालुम्नी'. पहिला शब्द त्या बाईच्या नावावरून, दुसरा त्या नदीच्या नावावरून जिच्या मुखाबाहेर तो मिळाला.

मग मधल्या साडेसहा कोटी वर्षांत याचे ठसे का नाहीत? याचं कारण त्याच्या राहण्याच्या जागेत आहे. ठसा होण्यासाठी मेलेला मासा गाळात पुरला जावा लागतो, त्या गाळाचा दगड व्हावा लागतो आणि पुढे तो दगड उचलला जाऊन माणसाच्या नजरेस यावा लागतो. आजचा सीलाकँथ ज्वालामुखीच्या खडकाच्या उभ्या उतारावर, पाण्याखालच्या गुहांत राहतो. तिथे ठसा होणंही कठीण आणि तो आपल्याला सापडणं त्याहून कठीण. ठसा सापडला नाही एवढ्यावरून मासा संपला असं धरलं, तिथे हिशेब चुकला.

चौदा वर्षांचा शोध आणि शंभर पाउंड

पहिल्या माशाची आतडी गेली होती, म्हणून स्मिथ यांना दुसरा हवा होता. त्यांनी एक पत्रक छापलं. त्यावर माशाचा फोटो, आणि पकडून देणाऱ्याला १०० पाउंड बक्षीस. पत्रक तीन भाषांत होतं, इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज. पोर्तुगीज यासाठी की शेजारचं मोझांबिक तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होतं, जसा आपला गोवा १९६१ पर्यंत होता. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कोणाच्या हाती ते पत्रक पडलं असतं तर त्यांनी ते वाचलं असतं.

मध्ये दुसरं महायुद्ध झालं. वर्षं गेली, मासा काही मिळेना. लोक स्मिथना वेड्यात काढू लागले असतील तर नवल नाही.

१९५२ मध्ये स्मिथ नवरा-बायको झांझिबारला गेले होते. तिथे एरिक हंट नावाचा एक कॅप्टन भेटला. तो शिडाच्या जहाजातून बेटाबेटांवर व्यापार करायचा. त्याने पत्रकं घेतली आणि कोमोरोस बेटांवर वाटली. ही बेटं आफ्रिका आणि मादागास्कर यांच्या मधल्या समुद्रात आहेत.

त्याच वर्षी डिसेंबरात अंजुआन बेटावर अहमदी अब्दल्ला नावाच्या मच्छीमाराने रात्री गळाने एक मोठा मासा धरला. त्याला त्यात काही नवल वाटलं नाही. सकाळी तो विकायला बाजारात घेऊन आला. मासा कापायला घेणार इतक्यात एका शाळामास्तराने त्याला थांबवलं, कारण मास्तराने ते पत्रक पाहिलेलं होतं. मग डोंगर ओलांडून मासा बेटाच्या दुसऱ्या बाजूला हंटकडे नेला. हंटने मीठ लावलं, मग फॉर्मालिन मिळवलं आणि स्मिथना तार केली.

नाताळाची सुटी, मासा उष्ण बेटावर, आणि स्मिथ हजारो किलोमीटर दूर. यावेळी सडू द्यायचा नाही म्हणून त्यांनी थेट दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान मलान यांना गाठलं, आणि पंतप्रधानांनी एका माशासाठी लष्कराचं विमान दिलं! डिसेंबरच्या अखेरीस स्मिथ कोमोरोसला उतरले. पेटी उघडून कापूस बाजूला केला आणि मासा बघून चौदा वर्षं वाट बघितलेल्या त्या माणसाला रडू आलं. अहमदीला १०० पाउंड मिळाले.

"हा तर गोम्बेसा!"

गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे.

जगाच्या पुस्तकांत जो मासा 'संपलेला' होता, तो कोमोरोसच्या मच्छीमारांना चांगला ठाऊक होता. त्यांच्याकडे त्याला नाव होतं, 'गोम्बेसा'. ते उलांडी लावलेल्या लहान होड्यांतून रात्री खोल पाण्यात गळ टाकत. त्यांना हवा असे तो तेलकट मांसाचा दुसराच मासा. अधूनमधून चुकून गोम्बेसा गळाला लागे. त्याचं मांस तेलकट, चव नाही, खाल्लं तर पोट बिघडतं. म्हणून त्याला भाव नव्हता. त्याच्या खरखरीत खवल्यांनी सायकलची ट्यूब पंक्चर काढताना घासत, असंही सांगतात.

म्हणजे बघा, एका बाजूला प्रयोगशाळांतले मोठे लोक चौदा वर्षं शोधत होते. दुसऱ्या बाजूला होडीतल्या माणसाला तो मासा, त्याची खोली, त्याची वेळ आणि त्याचं मांस, सगळं माहीत होतं. दोघांची गाठच पडली नव्हती. ती गाठ घालून दिली एका कागदाने आणि एका शाळामास्तराने.

असंच पुन्हा एकदा घडलं. १९९७ मध्ये इंडोनेशियात मनाडो गावच्या मासळी बाजारात एक परदेशी जोडपं फिरत होतं. नवरा समुद्री जीवांचा अभ्यासक होता. बायकोला हातगाडीवरून जाणारा एक विचित्र मासा दिसला. तो सीलाकँथ होता. पण कोमोरोसपासून हे ठिकाण सुमारे १० हजार किलोमीटर लांब! त्यांनी फोटो काढला, पण मासा विकला गेला. मग नवऱ्याने महिनोन्‌महिने तिथल्या मच्छीमारांना विचारपूस केली. १९९८ च्या जुलैत खोल पाण्यात मोऱ्यांसाठी लावलेल्या जाळ्यात दुसरा मिळाला. तपासणीत ही वेगळी जात निघाली. तिथल्या मच्छीमारांकडेही या माशाला आधीपासून नाव होतं, 'राजा लाउत', म्हणजे समुद्राचा राजा.

हा मासा जगतो कसा?

१९८७ मध्ये जर्मन अभ्यासक हान्स फ्रिके यांनी लहान पाणबुडीतून कोमोरोसच्या खोल पाण्यात उतरून सीलाकँथ त्याच्या घरात जिवंत असताना पहिल्यांदा चित्रित केला. तेव्हापासून बरंच कळलं.

दिवसा तो साधारण दीडशे ते अडीचशे मीटर खोल गुहांत राहतो, कधी एका गुहेत बरेच जण असतात. रात्री बाहेर पडून हळूहळू वाहत्या पाण्याबरोबर शिकार शोधतो. ते मांसल पर तो आळीपाळीने हलवतो, आपण चालताना उजवा हात आणि डावा पाय पुढे जातो तसे. पण त्यावर तो तळाला चालत नाही, पोहतोच. कधी कधी डोकं खाली करून उभा राहतो.

नाकाजवळ एक अवयव आहे, त्याने भक्ष्याच्या अंगातली बारीक वीज त्याला जाणवते. कवटीला आत सांधा आहे, त्यामुळे तोंड वरच्या बाजूलाही जास्त उघडतं. पाठीच्या कण्याच्या जागी तेलकट द्रव भरलेली नळी आहे. मेंदू इतका लहान की कवटीच्या पोकळीचा थोडासाच भाग भरतो, बाकी चरबी. प्रत्येकाच्या अंगावरचे पांढरे ठिपके वेगळे असतात, त्यावरून अभ्यासक एकेक मासा ओळखतात. आणि तो निळा रंग मेल्यावर जातो, मासा तपकिरी दिसू लागतो. ही रंगाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तो अंडी पाण्यात टाकत नाही. अंडी मादीच्या पोटातच फुटतात आणि तयार पिल्लं बाहेर येतात. एकेक अंडं मोठ्या संत्र्याएवढं असतं. १९९१ मध्ये मोझांबिकच्या किनाऱ्यावर पकडलेल्या एका मादीच्या पोटात २६ पिल्लं मिळाली होती.

२०२१ मध्ये फ्रेंच अभ्यासकांनी त्याच्या खवल्यांवरच्या बारीक रेघा मोजल्या. झाडाच्या खोडात वर्षाला एक वळं पडतं, तशाच या रेघा. त्यातून निघालं की हा मासा १०० वर्षांपर्यंत जगू शकतो, मादी पिल्लं देण्याजोगी व्हायला पन्नाशी ओलांडते आणि पिल्लं पोटात सुमारे पाच वर्षं राहतात. मंडळी, बांगडा एक-दोन वर्षांत तयार होतो. तारले तसंच. त्यांची भर लवकर होते. या माशाची मादी पन्नाशीच्या आत जाळ्यात आली तर तिने एकही पिल्लू दिलेलं नसतं.

लोक याला 'जिवंत जीवाश्म' म्हणतात. शब्द ऐकायला छान आहे, पण एक दुरुस्ती करून घ्या. आजचा सीलाकँथ आणि दगडातला सीलाकँथ अगदी एकच नाहीत. घराणं तेच, चेहरा तोच, पण कोट्यवधी वर्षांत जाती बदलत आल्या. आणि जमिनीवर चार पायांनी पहिल्यांदा आले ते याचेच वंशज, असंही काही जण सांगतात. ते बरोबर नाही. २०१३ मध्ये त्याच्या पेशींतला आनुवंशिक आराखडा पूर्ण वाचला गेला, तेव्हा दिसलं की फुप्फुसाने श्वास घेणारे मासे आपल्याला जास्त जवळचे आहेत. सीलाकँथ त्या कुळातला लांबचा चुलता म्हणा.

गळाने जे झालं नाही ते जाळ्याने

कोमोरोसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गळाला अधूनमधून एखादा गोम्बेसा लागायचा, तरी मासा टिकला. पण टांझानियाच्या किनाऱ्यावर मोऱ्यांसाठी खोल पाण्यात मोठी जाळी लावायला लागल्यावर २००३ पासून एकामागून एक सीलाकँथ त्यात अडकून मरू लागले. कोणाला तो नको होता, कोणी तो मुद्दाम धरत नव्हतं. जाळं त्याच्या गुहांच्या दारापर्यंत गेलं, एवढंच.

आज या माशाच्या देशोदेशींच्या व्यापारावर बंदी आहे आणि आफ्रिकेकडची जात नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या यादीत आहे.

आपल्या जाळ्यात सीलाकँथ येईल का, असं कोणी विचारेल. तो दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया, केनिया, मादागास्कर, कोमोरोस आणि इंडोनेशिया इकडे मिळालेला आहे. त्याला उभे खडकाळ उतार आणि गुहा लागतात. आपला किनारा रुंद, उथळ आणि चिखलाचा. म्हणून आपल्याला लॉटरी लागेल अशी वाट बघू नका.

पण आपल्याकडे उलटी गोष्ट चाललीय, तिकडे बघा. करवत मासा आठवतो का? तोंडापुढे दोन्ही बाजूंनी दात असलेली लांब करवत. आमच्या जुन्या घरात आजोबांच्या खोलीत एक करवत भिंतीला टांगलेली होती. आमच्या लहानपणी ती खेळायला काढली की मार मिळायचा. आज तिशीच्या आतल्या आपल्या पोरांना विचारा, जाळ्यात करवत मासा किती जणांनी बघितलाय? सीलाकँथ पुस्तकात मेला होता आणि समुद्रात जिवंत होता. करवत मासा आपल्या बोलण्यात जिवंत आहे आणि समुद्रात दिसेनासा झालाय. तो शेवटचा कधी, कुठे, किती वाव पाण्यात मिळाला, हे आपल्या म्हाताऱ्या तांडेलांच्या डोक्यात आहे. कागदावर नाही. ती माणसं गेली की तेही जाईल.

आता आपल्याला काय करायचंय

गूसेन कॅप्टनने काही मोठं केलं नाही. ढीग फेकला नाही आणि निरोप दिला, एवढंच. तेवढं आपल्यालाही जमेल.

१. ओळखता न येणारा मासा आला तर तो खताच्या ढिगात टाकू नका. वेगळा काढून बर्फात ठेवा. पोट साफ करू नका, कल्ले काढू नका. पहिल्या सीलाकँथचं नुकसान नेमकं तिथेच झालं.

२. फोटो ताजा असतानाच काढा, रंग तासाभरात बदलतो. एक फोटो पूर्ण बाजूने, एक तोंडाचा, एक परांचा. शेजारी काहीतरी ठेवा, चप्पल, बाटली, हाताचा पंजा, म्हणजे आकार कळेल. उजेड पाडून काढा आणि हात स्थिर ठेवा.

३. चार गोष्टी लिहून ठेवा. तारीख आणि वेळ, जीपीएसचा पॉइंट, किती वाव पाणी, कोणतं जाळं. पॉइंट फुटेल अशी भीती असेल तर ग्रुपवर टाकू नका, फक्त माझ्याकडे द्या. वहीत राहील, दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

४. जे जीव कायद्याने संरक्षित आहेत त्यांना हा नियम लागू नाही. करवत मासा आणि व्हेल शार्क २००१ पासून संरक्षित आहेत, कासवंही आहेत. ते आले तर डेकवर ठेवायचे नाहीत, जिवंत असतील तर लगेच सोडायचे, गरज पडली तर जाळं कापून. सोडताना झाला तर फोटो, नाही झाला तरी चालेल. फोटोपायी जीव जाऊ देऊ नका. नंतर नुसतं सांगितलंत तरी नोंद होते.

५. घरी म्हातारी माणसं असतील त्यांना या दोन महिन्यांत विचारा. त्यांच्या वेळी मिळणारे आणि आता न मिळणारे मासे कोणते, आपल्या बोलीतली त्यांची नावं काय, कुठल्या वाऱ्याला, कुठल्या भरतीला यायचे. मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. आपण सोसायटीच्या ऑफिसात त्यासाठी एक वही सुरू करतोय. सीलाकँथला जगाने नाव देण्याआधी 'गोम्बेसा' हे नाव होतं. आपल्याकडेही अशी किती नावं असतील.

पुढे दाखवायचं कोणाला, तर दूर जायला नको. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, मुरगावला भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचं केंद्र आहे. नीट नोंद असलेला मासा असेल तर तिथे विचारता येतं. नुसता हललेला फोटो घेऊन गेलं तर तेही काय सांगणार?

मुलांसाठी प्रश्न (उत्तरं वरच आहेत)

१. पहिला सीलाकँथ कोणत्या वर्षी आणि कोणत्या ट्रॉलरवर मिळाला?
२. स्मिथ यांची तार येईपर्यंत माशाचा कोणता भाग टाकून दिला गेला होता?
३. कोमोरोसचे मच्छीमार या माशाला काय म्हणत?
४. साडेसहा कोटी वर्षांत या माशाचे ठसे का सापडले नाहीत?
५. बांगडा जास्त पकडला आणि सीलाकँथ जास्त पकडला, यांत कोणाची भर लवकर होईल? का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा आणि खाली टाका. बरोबर उत्तरं पुढच्या रविवारी पानावर देतो.

आणि गेल्या हंगामातल्या त्या सभासदाला सांगतो, तुमचं नाव मी कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. फक्त पुढच्या वेळी ढिगाकडे एकदा नीट बघा आणि मला फोन करा. रात्री दोन वाजता केलात तरी मी उचलेन.

जाळी नीट शिवा, इंजिनाची कामं आटपून घ्या. ऑगस्टला भेटू समुद्रावर.

तुमचा,
सेक्रेटरी